दोरा तोंडात, गोष्ट पोटात

गयामावशीच्या खोलीत आरसा नव्हता. पत्र्याची खोली, गोणपाटाचा पडदा लावलेली एक खिडकी, खिडकीखाली बुटकं लाकडी स्टूल आणि कोपऱ्यात पाण्याचा रांजण, एवढाच संसार. बायकांच्या तोंडावरचे केस काढायचं काम जिथे चालतं तिथे आरसा नसावा, हे मला पहिल्या दिवशी विचित्र वाटलं. तसं मी विचारलंही. ती म्हणाली, "आरसा ठिवला की बाई रडती. रडली की कातडं हलतं, आन कातडं हललं की दोरा लागतो." मग माझी हनुवटी दोन बोटांत धरून तिने उजेडाकडे वळवली आणि मला गप्प बसायला सांगितलं.

तिच्याबद्दल लिहायला बसले आहे ते प्रेमाने नाही, हे आधीच सांगून टाकते. प्रेम होतं. तिच्याच भाषेत सांगायचं तर लई होतं. म्हणून तर इतकी वर्षं झाली तरी राग जात नाही.

आधी माझ्या हनुवटीचं सांगायला हवं, त्याशिवाय ही बाई कळायची नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझ्या ओठावर आणि हनुवटीवर केस यायला लागले. लव नव्हे, चांगले काळे, राठ केस. आईने डाळीच्या पिठाने घासघासून माझा चेहरा सोलून काढला. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं. तेव्हा माझ्या अंगावर वजन होतंच कुठे! ब्लीच करून पाहिलं, तर केस सोनेरी झाले आणि उन्हात चमकायला लागले. चिमट्याने उपटले, तर पुळ्या. लग्नानंतर शेवटी श्रीकांतच्याच दाढीच्या सामानातलं ब्लेड हाती घेतलं. तो उठायच्या आत न्हाणीघरात शिरायचं, कडी लावायची आणि अधूनमधून बादलीत तांब्या बुडवायचा, म्हणजे बाहेर काही ऐकू जायला नको. श्रीकांत माझा नवरा, बँकेत नोकरीला, स्वभावाने सज्जन. पण कितीही सज्जन माणूस असला तरी, अहो, मला दाढी येते, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याला कळता कामा नये, ही माझी एकच धडपड होती. बाकी जगाचं मी कसंही निभावून नेलं असतं.

शाळेत मी गणित शिकवायची. खिडकीजवळ कधी उभी राहायची नाही. स्टाफरूममध्ये हनुवटीवर हात ठेवून बसायची, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं, बाई फार विचारी आहेत.

ती दुष्काळाची वर्षं होती. नाथसागर धरणात चिखल उरला होता आणि गारखेड्यात आमच्या नळाला आठवड्याने पाणी यायचं, तेही येईलच याचा भरवसा नाही. आमच्या इमारतीच्या मागे एक मोठा प्लॉट होता. मालक पुण्याला राहायचा आणि प्लॉटची राखण करायला गयामावशी त्या पत्र्याच्या खोलीत राहायची. तिथल्या बोअरला मात्र पाणी होतं. आजूबाजूच्या बायका हंडे, कॅन घेऊन तिथे जायच्या. मीही गेले. माझा कॅन भरत आला तशी ती जवळ आली, माझा हनुवटीवरचा हात बाजूला केला आणि मला एकटीलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वस्तरा फिरवायलीस व्हय गं?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती म्हणाली, "भिऊ नको. हितं सगळ्या पाण्यालाच येत्यात."

तेव्हा मी त्या रांगेकडे नीट पाहिलं. पोस्टातल्या बाई, समोरच्या बंगल्यातली नवी सून, किराणावाल्याची बायको. एकेक जण कॅन नळाखाली लावायची, खोलीत जायची आणि कॅन भरून वाहायला लागला तरी बाहेर यायची नाही. माझ्यासारख्या इतक्या जणी त्या एका गल्लीत होत्या आणि मी समजत होते की देवाने ही शिक्षा मला एकटीलाच दिली आहे.

गयामावशी शेंद्र्याकडची, धनगराच्या घरातली. उंच, हडकुळी, अंगावर बहुधा हिरवं लुगडं आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. दोऱ्याचं रीळ ती कमरेच्या चंचीत, तंबाखूच्या शेजारी ठेवायची, त्यामुळे दोरा तोंडावर यायच्या आधी त्याचा वास यायचा. पहिल्या खेपेला मी शिंकले. ती म्हणाली, "शिंक की. तंबाकू चांगली असती, जखम पिकत नाय." हे खरं की खोटं देव जाणे, पण तिने केलेली माझी हनुवटी कधी पिकली नाही.

तिचे वडील मेंढरं कातरायचे. तिच्या डोक्यातून ती मेंढरं शेवटपर्यंत गेली नाहीत. शेळीच्या केसाची बाई, कोकराच्या लवेची बाई अशा तिने आमच्या जाती पाडल्या होत्या. माझ्याबद्दल ती म्हणायची, "तुव्हं केस काळ्या मेंढीवानी. चिवट, पन इमानी. जिथनं काढला तिथंच पुन्हा येनार." मला नावाने तिने कधी हाक मारली नाही. मी तिची मास्तरीण.

काम करताना दोऱ्याचं एक टोक तिच्या दातात असायचं. दोन्ही हातांवर दोऱ्याची कात्री आणि तिसरं टोक तोंडात, म्हणजे तिला बोलायची सोयच नाही. फार तर "हं". त्यामुळे बोलायचो त्या आम्ही. चेहरा वर, डोळे मिटलेले, गालावरून दोरा सरसर फिरतोय आणि समोरचं माणूस काही बोलू शकत नाही, अशा वेळी बायका काय काय बोलतात हे ज्याने ऐकलं नाही त्याला सांगून पटणार नाही. कुणाच्या घरात काय शिजतंय, कुणाच्या अंगावर वळ आहेत, कुणाचं मन कुठे गुंतलंय, सगळं त्या खोलीत सांडायचं. दोरा तोंडातून काढला की ती चूळ भरायची आणि म्हणायची, "दोरा तोंडात, गोष्ट पोटात." हे तिचं ब्रीदच होतं.

आणि ते तिने पाळलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. समोरच्या बंगल्यातल्या सुनेची सासू एकदा तरातरा तिथे आली. हातात हंडाबिंडा काही नाही. मी स्टुलावर होते, अर्धा ओठ झाला होता. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "माझी सून येते का हो तुमच्याकडे? रोज पाण्याला जाते म्हणते आणि तोंड लाल करून घरी येते."

गयामावशीने दोरा तोंडातून काढला. "कोन सून? पान्याला लई जनी येत्यात. म्या तोंडं बघत नाय, हंडं बघते."

"मग ही काय करते इथे?"

"हिला गांधीलमाशी चावली. काटा काढायली." मी तोंड धरून कण्हल्यासारखं केलं. गयामावशी उठून दारात गेली, सासूबाईंना उजेडाकडे वळवलं आणि बारीक डोळे करून म्हणाली, "बाई, तुम्हाला बी चावलीय जनू. ह्या ओठावर. बसा."

सासूबाई बसल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं सून सोमवारी यायची आणि सासू शुक्रवारी. दोघींनाही शेवटपर्यंत एकमेकींचं कळलं नाही. सासूबाई स्टुलावर बसून सुनेच्या तक्रारी सांगायच्या, सून त्याच स्टुलावर सासूच्या, आणि गयामावशी दोघींना "हं" म्हणायची.

मग एका वर्षी पाऊस चांगला झाला आणि आमची पंचाईत झाली. नाथसागर भरला, सगळीकडे पेढे वाटले गेले, नळाला बऱ्यापैकी पाणी यायला लागलं. आता घरून बाहेर पडायचं कशाच्या नावाने? दुष्काळ संपला म्हणून हळहळणाऱ्या मराठवाड्यातल्या बायका आम्हीच असू. पोस्टातल्या बाईंनी तोडगा काढला: भजनी मंडळ. घरोघरी सांगून टाकलं की गयामावशींकडे भजन असतं. नवरे खूश झाले. श्रीकांत तर म्हणाला, "जात जा. तुझ्या मनाला बरं वाटेल."

इथवर ठीक होतं. पण गणपतीत कॉलनीच्या मंडळाने महिला भजनी मंडळाचा कार्यक्रम ठेवला. म्हणजे आमचा! आमच्यात एकीलाही धड सूर लागत नव्हता. स्टेजवर आम्ही दहाबारा जणी, सगळ्यांच्या हनुवट्या गुळगुळीत आणि तोंडं पांढरीफटक. टाळ वाजले, एकीने काहीतरी सुरू केलं, दुसरी तिसरीकडेच गेली. पुढच्या रांगेतले पुरुष हसायला लागले. तेवढ्यात मागे बसलेली गयामावशी उठली, पदर खोचला आणि तिने बिरोबाची ओवी धरली. माळावर मेंढरांमागे धावत म्हणायची ओवी, तो आवाज त्या मांडवात मावेना. आम्ही फक्त शेवटच्या शब्दाला "जी जी" म्हणत राहिलो. कार्यक्रम असा रंगला की अध्यक्षांनी पुढच्या वर्षाचं आमंत्रण तिथेच दिलं. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "रांडांनो, मेंढीला बी आरडता येतं, तुम्हाला येईना." आम्ही हसून हसून लोळलो.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढची कळणार नाही. माझं पोटाचं ऑपरेशन झालं. आठवडाभर दवाखान्यात. उशाशी श्रीकांत रात्रंदिवस, बिचारा हलायला तयार नाही. पोटाचे टाके दुखत होते, पण माझं सगळं लक्ष हनुवटीकडे. बोटाला खुंट लागायला लागले होते. मी चादर नाकापर्यंत ओढून घ्यायची आणि तो नर्सला सांगायचा, हिला थंडी वाजते. आणखी एक दिवस गेला असता तर सगळं उघडं पडलं असतं. त्या दुपारी गयामावशी आली. फडक्यात दशम्या आणि कमरेला चंची. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि श्रीकांतला म्हणाली, "जावईबापू, तुमी च्या पिऊन या. तोंड किती उतरलंय. तवर म्या बसते लेकीपाशी." तो गेल्याबरोबर तिने खाटेभोवतीचा पडदा ओढला, दोरा काढला आणि त्या फिनेलच्या वासात माझं तोंड स्वच्छ केलं. मी रडत होते. तिने त्या दिवशी रडू दिलं, कातडं हलतं म्हणाली नाही. दोरा तोंडातून काढल्यावर माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "म्या जित्ती हाय तवर तुव्हं झाकलेलं उघडं पडू देनार नाय."

हा शब्द तिने आपणहून दिला होता. मी मागितला नव्हता.

मग शहर वाढत आलं. पुण्याच्या मालकाने प्लॉट विकला, पत्र्याची खोली पाडली, बोअर बुजवला आणि तिथे बारा मजली इमारतीचा पाया खणला गेला. गयामावशी मुकुंदवाडीला भाचीकडे राहायला गेली. सुवर्णा तिच्या भावाची मुलगी. शेंद्र्याची जमीन कारखान्यांना गेली तेव्हा भावांनी गयामावशीची सही घेतली आणि तिला साडीचोळी दिली. एवढं मला तिनेच सांगितलं होतं, तेही हसत हसत. सुवर्णाने ब्युटी पार्लरचा कोर्स केला होता आणि लेसरचं मशीन आणून मोठं सेंटर काढायचं तिच्या मनात होतं. पोरगी हुशार, चटपटीत, बोलणं मराठी-हिंदी मिसळून. "मॅडम, अब धागे का जमाना गया," असं माझ्यासमोर तिने आत्याला ऐकवलं होतं.

मी तरीही गयामावशीकडेच जायची. पार मुकुंदवाडीपर्यंत, स्कूटरवर, तोंडाला स्कार्फ बांधून. तिला आता कमी दिसायला लागलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. एकदा ती म्हणाली, "मास्तरीण, हल्ली बारीक केस सुटत्यात. सुवर्णीच्या फोनात फोटू काडून मोठा करून बघते, मंग दोरा घेते. चालंल ना?"

न चालायला काय झालं? ज्या बाईसमोर इतकी वर्षं हनुवटी वर केली होती तिच्यासमोर आणखी एकदा वर केली. सुवर्णाने फोन जवळ आणला, खटकन फोटो काढला. गयामावशीने तो डोळ्याजवळ धरून पाहिला आणि कामाला लागली. सुटीत माहेरी राहून मी थेट तिच्याकडेच आले होते, तिथे ब्लेडही लावलं नव्हतं, आणि बऱ्याच दिवसांचे केस होते. त्या दिवशी तिने फार सुंदर काम केलं.

महिन्याभराने नववीतली एक मुलगी मधल्या सुटीत माझ्यापाशी आली. गुणी मुलगी, चेष्टा करणारी नव्हे. म्हणाली, "मॅडम, तुमचा फोटो लागलाय चौकात."

"माझा? कसला?"

"मोठा. डोळ्यांवर काळी पट्टी आहे, पण आम्ही ओळखलं. ही खूण आहे ना." तिने स्वतःच्या हनुवटीवर, खालच्या ओठाच्या किंचित डावीकडे बोट ठेवलं. लहानपणी उंबऱ्यावर पडले होते, तिथे मला एक आडवी खूण आहे. वर्गातल्या पोरी रोज माझ्या तोंडाकडे बघत बसतात. समीकरणं विसरतील, खूण कशी विसरतील?

शाळा सुटल्यावर मी चौकात गेले. आमच्या शहरात चौक दिसत नाही, फ्लेक्स दिसतात. त्या दिवशी एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस होता. तो हात जोडून उभा होता आणि त्याच्या शेजारी, त्याच्याहून मोठी, माझी हनुवटी होती. वर्तमानपत्रात चोराच्या डोळ्यांवर असते तशी डोळ्यांवर पट्टी, आणि खाली एकेक केस मोजता येईल इतका स्पष्ट माझा ओठ, माझी हनुवटी, माझी खूण. त्यावर लिहिलं होतं "आधी". शेजारी "नंतर", आणि तळाला सुवर्णाच्या नव्या लेसर सेंटरचं नाव. नंतरची हनुवटी तर माझी नव्हतीच. कुठल्यातरी गोऱ्यापान मुलीची, खुणेशिवायची. म्हणजे घाण तेवढी माझी घेतली होती.

रात्री जेवताना श्रीकांत म्हणाला, "चौकातली ती जाहिरात पाहिलीस? कसले किळसवाणे फोटो लावतात हल्ली. त्या बाईच्या नवऱ्याला काय वाटत असेल?"

मी आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी शाळेत न जाता मी मुकुंदवाडीला गेले. अजून श्रीकांतला कळलं नव्हतं. तो फोटो त्या दिवशी उतरला असता तर कळलंही नसतं, एवढी एकच आशा होती. गयामावशी ओसरीवर दोरा गुंडाळत बसली होती.

"मावशी, तो फोटो काढा. आजच्या आज."

"कंचा फोटू?" तिला माहीत होतं. विचारताना तिने मान वर केली नाही.

"चौकातला. माझा."

"डोळं झाकल्यात की गं. म्याच म्हणलं सुवर्णीला, डोळं झाक पोरी. डोळं झाकल्यावर मानूस कुठं वळखू येतं?"

"तुम्ही सांगता हे? तुम्ही आयुष्यात कुणाचे डोळे पाहिलेत का, मावशी? डोळ्यांखालचंच बघत आलात सगळ्यांचं. हनुवटीवरून माणूस ओळखू येतो की नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?"

दोरा हातात होता, तोंडात नव्हता, तरी तिने नुसतं "हं" केलं.

"श्रीकांतला कळलं नाही अजून. निदान आज उतरवा. तुमच्या पाया पडते."

"म्हयनाभर ऱ्हाऊ दे. सेंटरचं उद्घाटन हाय. सुवर्णीनं मला ठिवून घेतलंय, मास्तरीण. भावानं नाय, तिनं. ह्या वयात, ह्या डोळ्यांनी मी कुठं जाऊ? तिला फोटू पायजे व्हता, चांगल्या राठ केसाचा. म्हनली, आत्या, तुज्याकडं इतक्या बाया येत्यात, एक दे. म्या दिला."

"माझाच कामून?" रागाच्या भरात माझ्याही तोंडून तिचाच शब्द निघाला. "इतक्या जणी होत्या. माझाच का?"

तेव्हा तिने मान वर केली. दोन्ही डोळ्यांत ढग उतरलेले होते. अगदी मायेने, दवाखान्यात बोलली होती त्याच आवाजात म्हणाली, "दुसरीचा दिला असता तर ती भांडली असती. पोष्टातली तर पोलिसात गेली असती. तू नाय भांडनार. तू शानी हायस. तुला पोटात घालता येतं, म्हणून तुजा दिला."

इतक्या वर्षांत तिने मला काय म्हणून पाहिलं होतं ते मला तेव्हा कळलं. धरली की गप राहणारी मेंढी. मी भांडायला म्हणून गेले होते. तोंडात खूप काही आलं होतं. पण एक अक्षर न बोलता मी उठले, स्कार्फ बांधला आणि घरी आले. फोटो लावला याचा मला राग आहेच. पण माझ्याबद्दलचा तिचा अंदाज बरोबर निघाला, याचा त्याहून जास्त आहे.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तो फोटो टाकला. "ही आपल्या बी विंगमधली तर नव्हे?" खाली हसणारी तोंडं. टाकणाऱ्याने थोड्या वेळाने काढून घेतला, पण तोवर श्रीकांतने पाहिला होता. तो ओरडला नाही, काही टाकून बोलला नाही. मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर." पुढचं वाक्य त्याने पुरं केलं नाही. तेव्हापासून तो माझ्याशी बोलताना माझ्या हनुवटीकडे बघतो. अजून बघतो. त्याला स्वतःला ते कळत नसावं. त्याआधी तो माझ्या डोळ्यांकडे बघून बोलायचा, आणि मला वाटतं, तेवढ्यासाठीच मी इतकी वर्षं पहाटे उठत होते.

मी पुन्हा मुकुंदवाडीला गेले नाही. तिनेही निरोप पाठवला नाही. हनुवटीचं आता मी काय करते ते सांगणार नाही. तेवढं तरी माझ्यापाशी राहू दे.

मग वर्षं गेली. दुष्काळ आणखी एकदा येऊन गेला, शहराच्या पाट्यांवरचं नाव बदललं, जालना रोडवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. गेल्या उन्हाळ्यात चष्म्याच्या दुकानात जायचं होतं म्हणून मी अशाच एका इमारतीपाशी स्कूटर थांबवली. पायऱ्यांवर प्लास्टिकच्या खुर्चीत गयामावशी बसली होती. लुगड्यावरून मरून रंगाचा कोट चढवलेला, छातीवर सुवर्णाच्या सेंटरचं नाव, डोळ्यांना जाड भिंगं. आत काचेमागे गार उजेड आणि सगळीकडे आरसे. तिने मला पाहिलं आणि पाठ केल्यासारखं बोलायला लागली.

"या बाई, आत या. एसी हाय. मशीननं करत्यात, दोऱ्यावानी दुखत नाय."

माझ्या तोंडावर स्कार्फ होता, फक्त डोळे उघडे. तिने माझ्या डोळ्यांत सरळ पाहिलं आणि तिला काही ओळखू आलं नाही. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट चालला होता.

"लाजू नका. सगळ्यांलाच येत्यात," ती म्हणाली आणि हात लांबवून तिने काचेवर चिकटवलेलं एक चित्र दाखवलं. उन्हाने रंग उडाला होता, पण खूण दिसत होती. "ही बगा. ही आमची मास्तरीण. लई जुनी. लेकीवानी व्हती मला."

"तिने लावू दिला फोटो?" मी विचारलं.

"दिला की. सवताहून दिला. म्हनली, मावशी, लावा, चार बायांचं भलं हुईल."

"खरंच विचारलं होतं तुम्ही तिला?"

त्यावर ती हसली. समोरच्या अडाणी बाईची कीव यावी तशी हसली आणि माझ्या हातावर हलकेच थापटून म्हणाली, "आता आपल्या मानसाला काय इचारायचं, बाई? इचारत्यात ते परक्याला. तुमचा काडायचा असंल, तर आदी तुमाला इचारीन की."